जुन्या पिकअपच्या मागच्या क्राउनचा रेशो कसा ओळखायचा

कोकणात जुनी पिकअप घेतली की कधी ना कधी पार्ट्सच्या दुकानात हा प्रश्न येतोच : "क्राउन कितीचा?" क्राउन म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधला मोठा गिअर. आपण गाडीचं मॉडेल आणि साल सांगतो. कुडाळच्या एका काउंटरवर मला यावर मिळालेलं उत्तर होतं, "मॉडेल कसला सांगतास? दात किती ता सांग."

त्याचं बरोबर होतं. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा मागच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या फुगीर भागात, काय होतं, याला वीस वर्षांनी फारशी किंमत उरत नाही. मधल्या मालकांनी काय बसवलं ते महत्त्वाचं. आपल्याकडे एकच पिकअप आधी हर्णैच्या पुळणीवर मासळी भरते, मग कोणी तिच्यात चिरे वाहतं, मग ती आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला जायला लागते. मध्येच क्राउनचे दात तुटतात, सीझन तोंडावर असतो, आणि भंगारात जे अख्खं हाउसिंग मिळेल ते चढवलं जातं. ते कितीचं होतं हे पुढच्या मालकाला कोणी सांगत नाही. म्हणून खाली दिलेली पद्धत कागदावर संपत नाही; शेवटी दात मोजूनच थांबते. गाडीखाली शिरायची तयारी असली तर हे काम घरच्या खळ्यात होतं, मेकॅनिक लागत नाही.

आधी एवढं समजून घ्या

गिअरबॉक्समधून निघालेला प्रोपेलर शाफ्ट मागच्या हाउसिंगमध्ये एका छोट्या गिअरला फिरवतो. तो पिनियन. पिनियन एका मोठ्या ताटासारख्या गिअरला फिरवतो. तो क्राउन. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की रेशो मिळतो. पिनियन १० दातांचा आणि क्राउन ४१ दातांचा असेल तर ४१ भागिले १०, म्हणजे ४.१०. चाकाची एक फेरी व्हायला शाफ्टच्या ४.१ फेऱ्या लागतात.

आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त, पण त्याच वेगाला इंजिन जास्त फिरणार. कुंभार्ली किंवा गगनबावड्याच्या चढाला भरलेल्या गाडीला ४.८८ बरा वाटतो. तीच गाडी मुंबई-गोवा हायवेवर सत्तरने पळवायची म्हटली की इंजिन बोंबलतं आणि डिझेल पितं. ३.७३ चा क्राउन याच्या उलट : सपाटीला गाडी मोकळी पळते, चढाला वारंवार गिअर उतरवावा लागतो आणि क्लच लवकर जातो. तुमची गाडी घाटात अकारण मरत असेल, तर पंप-नोझल उघडायच्या आधी रेशो तपासा. पंपाच्या कामाचं बिल मोठं होतं, क्राउन मोजायला काही पडत नाही.

काय काय लागेल

कागदांपैकी :
- आरसी
- चासी नंबरचा आणि बॉनेटखालच्या प्लेटचा फोटो
- आधीच्या मालकाकडची गॅरेजची आणि पार्ट्सची जुनी बिलं, मिळतील तेवढी

सामानापैकी :
- हायड्रॉलिक जॅक आणि लोखंडी अ‍ॅक्सल स्टँड
- पुढच्या चाकांना लावायला चार लाकडी ठोकळे, जॅकखाली घालायला जाड फळी
- तारेचा ब्रश, थोडं डिझेल, चिंध्या
- पांढरा रंग किंवा नेलपॉलिश (खडू ओल्या हवेत आणि ग्रीसवर टिकत नाही)
- टॉर्च, कागद-पेन
- एक मदतनीस, ज्याला वीसपर्यंत न चुकता आणि न बोलता मोजता येतं

हाउसिंग उघडायची वेळ आली तर वर पाना-सॉकेट सेट, ऑइल झेलायला ट्रे, नवीन पॅकिंग किंवा गॅस्केट सिलिकॉन, आणि भरायला गिअर ऑइल.

१. कागद बघा, पण त्यांच्यावर थांबू नका

आरसीवर रेशो नसतो. चासी नंबर, इंजिन नंबर, सीसी, व्हीलबेस, वजन, सगळं असतं, रेशो नाही. एमएच-०८ असो की एमएच-०७, आरटीओत जाऊन ही माहिती मिळायची नाही, तिथली चक्कर वाचवा.

चासी नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत पार्ट्स काउंटरला गेलात तर त्या व्हेरिएंटला मुळात कोणता सेट होता हे ते काढून देऊ शकतात. ते लिहून ठेवा; पुढे मोजणी जुळते का बघायला उपयोगी पडेल. त्याहून कामाची वस्तू म्हणजे जुनं बिल. त्यावर 'क्राउन पिनियन सेट १०×४१' किंवा '८/३९' असं काही दिसलं तर तो मोठा धागा आहे. छोटा आकडा पिनियनचा, मोठा क्राउनचा. लिहिणारा कोणता आधी लिहील याचा नेम नाही, पण पिनियन नेहमीच छोटा असतो, त्यामुळे गोंधळायचं कारण नाही.

एक सूचना. यूट्यूबवर या विषयाचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकन पिकअपचे आहेत. तिथे ग्लोव्हबॉक्समधल्या स्टिकरवरचा किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा कोड वाचून रेशो काढून दाखवतात. फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या गाड्यांत तसं असतंही. आपल्या जुन्या पिकअपच्या दाराच्या चौकटीत तुम्हाला गंज आणि मासळीची खवलं सापडतील. तिथे वेळ घालवू नका.

२. हाउसिंग घासून काढा

आता खाली शिरा. गाडी अजून उचलायची नाही. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला जो फुगीर भाग, ते हाउसिंग. त्यावर चिखल, जुनं ऑइल आणि लाल माती यांचा थर बसलेला असेल. डिझेल लावून तारेच्या ब्रशने घासा.

शोधायचं काय, तर एक छोटा पत्र्याचा टॅग. काही अ‍ॅक्सलला तो कव्हरच्या एका बोल्टखाली अडकवलेला असतो, त्यावर दात किंवा थेट रेशो ठोकलेला असतो. किनाऱ्यालगत फिरलेल्या गाडीवर तो शिल्लक असणं नशिबाचं. खारी हवा पत्र्याचा चुरा करते. असला तरी बोल्ट कधी खोलला गेला असेल तर टॅग परत त्याच हाउसिंगवर लागला याची खात्री नाही. काही ठिकाणी रंगाने आकडा लिहिलेला सापडतो. हा बहुधा भंगारवाल्याचा किंवा मेकॅनिकचा असतो आणि टॅगपेक्षा जास्त खरा निघू शकतो, कारण त्याने तो उघडून पाहिलेला असतो.

ओतीव लोखंडावर उठावदार अक्षरांत जे लांबलचक आकडे दिसतात ते हाउसिंगचे कास्टिंग नंबर. त्यांचा रेशोशी संबंध नाही. त्याच आकड्यांच्या हाउसिंगमध्ये तीन वेगवेगळे रेशो बसू शकतात. फोटो मात्र काढून ठेवा, अ‍ॅक्सल कोणत्या जातीचा हे सांगायला ते उपयोगी पडतात.

घासत असतानाच हाउसिंगच्या वरच्या बाजूचा ब्रीदर बघून घ्या. छोटी टोपी किंवा नळी असते. चिखलाने तो बुजलेला असेल तर मोकळा करा. घाट उतरून तापलेला अ‍ॅक्सल वहाळात किंवा खाडीच्या पाण्यात घातला की आतली हवा आकसते. ब्रीदर बंद असला की ती ऑइल सीलमधून पाणी ओढून घेते, आणि कोकणातले कितीतरी क्राउन अशा पाण्याने गेलेले आहेत.

३. गाडी उचला, आणि इथे घाई करू नका

जागा सपाट आणि कडक हवी. आपली अंगणं उताराची असतात, शेणाने सारवलेलं खळं जॅकखाली दबतं, पावसाळ्यात तर विचारूच नका. सिमेंटचा कोबा किंवा डांबरी जागा शोधा, नाहीतर जॅक आणि स्टँड दोन्हींखाली जाड फळी घाला.

गाडीला टेकण म्हणून जांभ्याचे चिरे लावू नका. प्रत्येक घराच्या मागे चिऱ्यांची रास असते आणि हात आपोआप तिकडे जातो. चिरा भिंतीत भार पेलतो तेव्हा तो सगळ्या अंगावर पेलतो. अ‍ॅक्सलच्या एका टोकाचा भार त्याच्या मधोमध आला, त्यातून तो भिजलेला असला, की तो सूचना न देता फुटतो. खाली तुमचं डोकं असणार आहे. लोखंडी स्टँड नसेल तर गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणा.

क्रम असा ठेवा :
- गाडी रिकामी करा.
- पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा.
- मागचं एकच चाक उचला, समजा डावं. जॅक अ‍ॅक्सलच्या नळीखाली. उजवं चाक जमिनीवर घट्ट राहू दे.
- नळीखाली स्टँड लावा, भार स्टँडवर उतरवा. गाडी हलवून बघा.
- आता गिअर न्यूट्रल करा आणि हँडब्रेक सोडा.

हँडब्रेक सोडायला लोक घाबरतात, पण बहुतेक पिकअपचा हँडब्रेक मागच्या चाकांवरच असतो. तो ओढलेला ठेवला तर चाक फिरणारच नाही. जुन्या विलीज धाटणीच्या जीपमध्ये तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, शाफ्टवर असतो. तिथेही तो सोडावाच लागतो. म्हणजे गाडी धरून ठेवण्याचं सगळं काम पुढच्या ठोकळ्यांवर. म्हणूनच चार सांगितले.

४. फेऱ्या मोजा

उचललेल्या टायरच्या कडेला एक खूण करा आणि तिच्या समोर मडगार्डवर दुसरी. प्रोपेलर शाफ्टच्या मागच्या टोकाला, क्रॉसच्या (शाफ्टला वाकून फिरू देणाऱ्या सांध्याच्या) जवळ, एक खूण. तिच्या समोर हाउसिंगच्या नाकाडावर, जो भाग फिरत नाही तिथे, दुसरी. दोन्हीकडच्या खुणा बरोबर समोरासमोर आणा.

मदतनीस चाक हाताने फिरवेल आणि त्याच्या फेऱ्या मोजेल. तुम्ही खाली शाफ्टच्या फेऱ्या मोजा. एकाच दिशेने फिरवायचं. खूण ओलांडून चाक पुढे गेलं तर थोडं मागे घेऊन जुळवायचा मोह होतो, तसं करू नका. गिअरमध्ये आणि स्प्लाइनमध्ये (शाफ्टच्या टोकाच्या खाचांमध्ये) जो सैलपणा असतो तो मोजणीत शिरतो. पुढे गेलं तर अख्खी मोजणी पहिल्यापासून.

आता महत्त्वाचं गणित. एक चाक जमिनीवर थांबलेलं आहे, म्हणून डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या गोळ्यामुळे, वरच्या चाकाच्या दोन फेऱ्या म्हणजे क्राउनची एक फेरी. चाकाच्या दोन फेऱ्यांत शाफ्ट चारला थोडा जास्त फिरला तर रेशो ४.१ च्या आसपास. चाकाच्या एका फेरीत शाफ्ट दोनला थोडा जास्त फिरला म्हणून '२.०५ चा क्राउन' असं समजणारे भेटतात. पिकअपमध्ये असा क्राउन नसतो.

दोन फेऱ्यांवर थांबू नका. त्यात ४.१० आणि ४.३० मधला फरक शाफ्टच्या फेरीचा पाचवा भाग असतो, तो नजरेने चुकतो. चाक २० वेळा फिरवा, म्हणजे क्राउनच्या १० फेऱ्या. शाफ्टच्या ४१ झाल्या तर ४.१०, ४३ झाल्या तर ४.३०, पावणेएकोणपन्नास झाल्या तर ४.८८. फरक आता पूर्ण दोन-दोन फेऱ्यांचा आहे, डोळे मिटून कळेल.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि ती फारसं कोणी सांगत नाही. गिअर बनवणारे बहुतेक वेळा क्राउन आणि पिनियनचे दात असे ठेवतात की दोन्ही आकड्यांना एकाच संख्येने भाग जाऊ नये; १० ला ४१, ८ ला ४३, ९ ला ३७. असं केल्याने तोच दात त्याच दाताला दर फेरीला भेटत नाही आणि झीज सगळीकडे सारखी होते. आपल्याला याचा फायदा असा, की चाकाची आणि शाफ्टची खूण सुरुवातीच्या जागी एकाच वेळी परत येते ती क्राउनच्या बरोबर तितक्या फेऱ्यांनंतर, जितके पिनियनला दात. तोवर शाफ्टच्या जितक्या फेऱ्या झाल्या तितके क्राउनचे दात.

म्हणजे काय करायचं, तर चाकाच्या दर दोन फेऱ्यांनी थांबायचं आणि शाफ्टची खूण कुठे आहे ते बघायचं. १०/४१ असेल तर ती दर वेळी फेरीचा दहावा भाग, ३६ अंश, पुढे सरकलेली दिसेल. २, ४, ६ अशी चाकाची मोजणी चालू ठेवा. २० व्या फेरीला शाफ्टची खूण बरोबर समोर येऊन उभी राहील आणि शाफ्टच्या फेऱ्या ४१ भरलेल्या असतील. हाउसिंगचा एकही बोल्ट न खोलता तुम्ही दात मोजले. ८/४३ असेल तर हीच भेट चाकाच्या १६ व्या फेरीला होईल, शाफ्टच्या ४३ झालेल्या असताना. विषम फेऱ्यांना खुणा जुळल्यासारख्या दिसल्या तरी धरायच्या नाहीत, कारण तेव्हा क्राउन अर्ध्यावर असतो.

हे एवढं बारकाईने करायचं कारण ९/३७ आणि १०/४१. पहिल्याचा रेशो ४.११, दुसऱ्याचा ४.१०. दोन फेऱ्या मोजणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात, दुकानात तो 'चार दहाचा' म्हणून मागतो आणि जे हातात येईल ते घेऊन येतो. पण सेट वेगळे, आणि गाडी चिरा वाहत असेल तर पिनियनचे दात ९ की १० याने दाताची जाडीही वेगळी. खुणांच्या पद्धतीत १८ व्या फेरीला जुळलं तर ९/३७, २० व्या फेरीला जुळलं तर १०/४१. तपासायला अजून एक : २० व्या फेरीला ९/३७ ची शाफ्टची खूण ४१ फेऱ्या संपवून सुमारे ४० अंश पुढे गेलेली असते. म्हातारी नजरसुद्धा हे चुकणार नाही.

नेहमी भेटणाऱ्या काही जोड्या, ताडून बघण्यासाठी :
- ८/४३ : ५.३८
- ८/३९ : ४.८८
- ९/४३ : ४.७८
- ९/४१ : ४.५६
- १०/४३ : ४.३०
- ९/३७ : ४.११
- १०/४१ : ४.१०
- ११/४३ : ३.९१
- ११/४१ : ३.७३
- ११/३९ : ३.५५

यातला ८/४३ जुन्या जीपवाल्यांच्या ओळखीचा. विलीज सीजे-३बी चा मूळ रेशो ५.३८, आणि तीच जीप महिंद्राने पुढे कितीतरी वर्षं इथे बनवली. या धाटणीचा अ‍ॅक्सल तुमच्या गाडीखाली कोणी घातला असेल तर हा आकडा निघून दचकू नका.

मोजताना होणारे घोळ :

*दोन्ही चाकं उचलली.* मग एक चाक फिरवलं की दुसरं उलट फिरतं आणि शाफ्ट जागचा हलत नाही. डिफरन्शियल बिघडलेला नाही, तो तसाच चालतो. एक चाक खाली टेकवा.

*चाक फिरतच नाही.* गिअर न्यूट्रल आहे का, हँडब्रेकची केबल गंजून अडकली आहे का, ब्रेक शू ड्रमला चिकटले आहेत का, या क्रमाने बघा. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे शू चिकटलेलेच असतात. हे सगळं ठीक असूनही फिरत नसेल तर आत लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकं शक्यतो एकत्र फिरवणारा) किंवा वेल्ड मारून जाम केलेला डिफरन्शियल असण्याची शक्यता आहे. चिखलात अडकू नये म्हणून कोणी तसा जुगाड करून ठेवतो. अशा वेळी दोन्ही चाकं स्टँडवर घ्या. दोन्ही एकाच दिशेने फिरतील आणि चाकाची एक फेरी म्हणजे क्राउनची एक फेरी धरायची.

*जमिनीवरचं चाक हळूच सरकलं.* त्या टायरवरही जमिनीलगत एक खूण करून ठेवा. हललं तर मोजणी रद्द.

५. रस्त्यावर खातरजमा

गाडी उचलायची सोय नसेल, किंवा घ्यायच्या आधी मालक उचलू देत नसेल, तर हा अंदाजाचा मार्ग. इंजिनचे आरपीएम (मिनिटाला किती फेऱ्या) माहीत हवेत. जुन्या डिझेल पिकअपला मीटर नसेल तर साधा ऑप्टिकल टॅकोमीटर मिळतो, पण तो चालत्या गाडीत वापरणं जिकिरीचं आहे.

टायरवर खूण करून गाडी एक फेरी ढकला आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजा. समजा २.१५ मीटर आलं. मोबाईलच्या जीपीएसवर ५० चा वेग स्थिर धरा. मिनिटाला ८३३ मीटर, भागिले २.१५, म्हणजे चाकाच्या सुमारे ३८८ फेऱ्या. डायरेक्ट गिअरमध्ये इंजिन १५९० वर असेल तर १५९० भागिले ३८८, रेशो ४.१०. १८९० वर असेल तर ४.८८.

डायरेक्ट गिअर म्हणजे ज्यात इंजिनची एक फेरी ती शाफ्टची एक फेरी. चार गिअरच्या गाडीत तो बहुतेक वेळा चौथा असतो; पाच गिअरच्या पिकअपमध्ये बहुतेकदा चौथाच, पाचवा ओव्हरड्राइव्ह, ज्यात शाफ्ट इंजिनपेक्षा जास्त फिरतो. पाचव्यात मोजून हिशेब केला तर रेशो खऱ्यापेक्षा कमी निघतो. आणि वेग गाडीच्या स्पीडोमीटरवरून घेऊ नका. त्याची केबल गिअरबॉक्सच्या मागून निघते, त्यामुळे कोणी क्राउन बदलला असेल तर काटा खोटं बोलतो. उलट, जीपीएस ५० दाखवत असताना काटा साठीच्या जवळ किंवा चाळीसला असेल तर क्राउन किंवा टायर बदललेला आहे एवढं नक्की समजा. माझ्या मते विकत घेताना एवढी एक चाचणी पुरते.

६. उघडून बघणं

मोजणी नीट झाली असेल तर रेशो कळायला हाउसिंग उघडायची गरज नाही. नवीन सेट घ्यायचाच असेल, आवाज येत असेल, किंवा गाडी पुरात गेली असल्याची शंका असेल तर उघडा. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेलेल्या गाड्या पुढे धुऊन-रंगवून विकल्या गेल्या. सीट बदलता येते, पण हाउसिंगमधलं पाणी कोणी काढलं का हे उघडल्यावरच कळतं.

पहिला नियम : आधी भरायचा प्लग खोला, मग सोडायचा. किनाऱ्यावरच्या गाडीचा वरचा प्लग गंजून घट्ट बसलेला असतो. खालचा खोलून ऑइल सोडलंत आणि वरचा खोलताना त्याची कडा गोल झाली, की गाडी कोरड्या हाउसिंगसह तिथेच अडकली. आदल्या रात्री प्लगवर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा.

ऑइल ट्रेमध्ये घेताना त्याचा रंग बघा. काळं-तपकिरी आणि गंधकाचा उग्र वास, हे ठीक. ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी आहे. बोटावर घेऊन उन्हात धरल्यावर चमकणारी पूड थोडी दिसणारच. नखाएवढे तुकडे दिसले तर दात गेलेला आहे. हे ऑइल वहाळात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.

हाउसिंग दोन प्रकारचं असतं. मागे बोल्टने लावलेलं कव्हर असेल तर काम सोपं : कव्हर काढा, क्राउन समोर. दुसऱ्या प्रकारात मागची बाजू वेल्ड केलेली असते आणि सगळा गोळा पुढून, शाफ्टच्या बाजूने निघतो. त्यासाठी दोन्ही बाजूंचे अ‍ॅक्सल शाफ्ट आधी बाहेर ओढावे लागतात. हा दुसरा प्रकार असेल तर सरळ गॅरेजमध्ये जा. गोळा जड असतो आणि झोपून छातीवर घ्यायची वस्तू नाही.

कव्हर निघालं की क्राउनच्या कडेवर ठोकलेले आकडे शोधा. ४१-१० असं काही मिळालं की संपलं. नाही मिळालं तर क्राउनच्या एका दाताला रंग लावून मोजा. पिनियनचे दात आत लपलेले असतात, ते वाकून मोजायचा खटाटोप नको. शाफ्ट एक पूर्ण फेरी फिरवा आणि क्राउनचे किती दात पुढे गेले ते मोजा, तितके पिनियनचे.

बंद करताना दोन्ही कडा साफ, कोरड्या, नवीन पॅकिंग. ऑइल गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच, सहसा हायपॉइड गिअरसाठीचं जीएल-५ दर्जाचं ९० किंवा ८०डब्ल्यू-९०. गाडी सपाटीला उभी असताना भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत.

७. सेट घेताना

क्राउन आणि पिनियन जोडीनेच घ्या. दोन्ही एकत्र घासून जुळवलेले असतात आणि दोन्हींवर जोडीचा एकच नंबर असतो. नंबर वेगळे दिसले तर परत करा. एकट्या पिनियनचं काम स्वस्तात करून देतो म्हणणारा मेकॅनिक टाळा, महिन्याभरात हाउसिंग रडायला लागतं.

दात जुळले म्हणजे सेट बसेलच असं नाही. सोबत क्राउनचा व्यास, त्याच्या बोल्टची संख्या आणि पिनियनच्या स्प्लाइनची संख्या लिहून न्या. जुना पिनियनच पिशवीत टाकून नेलात तर उत्तम. रेशो बदलायचा विचार असेल तर आणखी एक : काही अ‍ॅक्सलमध्ये रेशोप्रमाणे क्राउनची जाडी बदलते आणि त्यासाठी डिफरन्शियलची केसही दुसरी लागते. हे दुकानात आधी विचारा. बसवताना शिमने (पातळ चकत्यांनी) पिनियनची खोली आणि बॅकलॅश (दातांमधला सैलपणा) जमवावा लागतो. ते काम डायल गेज असलेल्या माणसाकडेच द्या, हाताने हलवून 'बरोबर आहे' म्हणणाऱ्याकडे नको.

काम झालं की हाउसिंगवर पांढऱ्या रंगाने दात लिहा, आणि बिलाचा फोटो आरसीच्या फोटोशेजारी ठेवा.

८. गाडी फोर-व्हील असेल तर

पुढचा अ‍ॅक्सलही याच पद्धतीने मोजा : पुढचं एक चाक वर, मागच्या चाकांना ठोकळे, पुढच्या शाफ्टच्या फेऱ्या. पुढे फ्री-व्हील हब (चाक अ‍ॅक्सलपासून सोडवणारे) असतील तर ते लॉक करा, नाहीतर चाक फिरेल आणि शाफ्ट ढिम्म राहील. पुढचा आणि मागचा रेशो सारखाच हवा. मागे कोणी दुसरं हाउसिंग चढवलं असेल आणि पुढे मूळचंच असेल, तर फोर-व्हीलमध्ये दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांना ओढत राहतात. पुळणीत किंवा चिखलात टायर घसरून हा ताण सुटतो म्हणून लक्षात येत नाही. डांबरावर मात्र फोर-व्हीलचा लिव्हर अडकतो, टायर घासतात आणि शेवटी ट्रान्सफर केस किंवा क्रॉस तुटतो. रेशो वेगळे निघाले तर जोड लागेपर्यंत गाडी टू-व्हीलमध्येच चालवा.